एकट्याने दाबायचे बटण

येत्या १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने १९७७ मध्ये तो पाळायला सुरुवात केली. तारीख ठरवताना महाराष्ट्राचे शालेय वेळापत्रक कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते. पण योग असा की, हा दिवस आपल्या उन्हाळी सुट्टीच्या ऐन मध्यावर येतो. मुले घरी, मामा-मावश्यांची येजा चालू, गावाकडचे आजी-आजोबा शहरात आलेले, बाहेर ऊन मी म्हणत असलेले आणि घरातल्या कर्त्या माणसांपुढे रोज सकाळी तोच पेच: आज ह्या सगळ्यांना न्यायचे कुठे? गेली काही वर्षे ह्याचे उत्तर मॉल देत आले आहेत. तिथे गारवा असतो, बसायला जागा असते, खायला मिळते आणि कोणी 'हात लावू नका' म्हणत नाही. संग्रहालयांच्या वाट्याला शाळेची सहल येते. मुले रांगेत येतात, रांगेत पाहतात आणि रांगेत बसमध्ये बसतात. कुटुंबे येतात ती पाहुण्यांना मुंबई-पुणे दाखवण्यापुरती.

ही कुटुंबे परत यावीत म्हणून आता सर्वत्र एकच उपाय सुचवला जातो: इंटरॅक्टिव्ह. स्मारक समितीचा आराखडा असो, महापालिकेचा प्रस्ताव असो की सल्लागार कंपनीचे सादरीकरण, हा शब्द पहिल्या दोन पानांत येतोच. मग यादी सुरू होते. टचस्क्रीन, व्हीआर चष्मे, होलोग्राम, भिंतभर प्रोजेक्शन, प्रत्येक वस्तूखाली क्यूआर कोड. हेतूबद्दल आमचा वाद नाही. काचेच्या कपाटांपुढून जांभया देत जाणाऱ्या मुलांसाठी कोणी काही करू पाहत असेल तर त्याचे स्वागतच आहे. वाद आहे तो ह्या यादीबद्दल. ती वाचताना असे वाटते की, करणाऱ्याने यंत्रांचा विचार केला, माहितीचाही केला. दारातून आत येणारे कुटुंब म्हणजे नेमके काय असते, ह्याचा मात्र केला नाही.

असल्या एखाद्या नव्याकोऱ्या दालनात रविवारी अर्धा तास नुसते उभे राहावे. सहा-सात जणांचे कुटुंब टचस्क्रीनच्या खांबापाशी येते. पडदा दीड-दोन फुटांचा. थोरला मुलगा पुढे होतो. धाकटी त्याच्या कोपराखालून हात घालते, तो तिचा हात झटकतो. वडील मागून सूचना देतात, आई भांडण सोडवते आणि आजीने एव्हाना भिंतीकडेचा बाक गाठलेला असतो. तीन मिनिटांत थोरल्याची दहा बटणे दाबून होतात. उघडलेल्या दहा पानांपैकी एकही कोणी पूर्ण वाचलेले नसते. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील ख्रिश्चन हीथ आणि डर्क फॉम लेन ह्यांनी संग्रहालयांतल्या अशा प्रसंगांचे चित्रीकरण करून त्यांचा बारकाईने अभ्यास केला. संगणकावर बेतलेली मांडणी बहुधा एकाच वापरकर्त्याला गृहीत धरते. तो एकटा गुंततो आणि सोबतचे बघे होतात, असे त्यांना दिसले. जे त्यांना कॅमेऱ्याने दाखवले ते आपल्याकडच्या कोणत्याही दालनातल्या सुरक्षारक्षकाला विचारले तरी तो सांगेल.

कुटुंब संग्रहालयात माहितीसाठी येत नाही. माहिती प्रत्येकाच्या खिशात आहे. एकत्र येण्याची, एकमेकांना काही दाखवण्याची, 'अरे हे बघ' म्हणण्याची जागा त्याला हवी असते. तेव्हा ह्या बाबतीत कसोटी एकच: मांडणीपुढे उभे राहिल्यावर घरातली माणसे एकमेकांशी बोलू लागली की गप्प झाली? पडदा किती मोठा, सेन्सर किती महागडा हे त्यानंतरचे.

बटणाचे वेड काही मोबाइलच्या पिढीने आणलेले नाही. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमची स्थापना १९०३ची. तिचे प्रवर्तक ओस्कर फॉन मिलर विद्युत अभियंते होते, आणि कळ दाबली की यंत्र हलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९३१ मध्ये मुलांसाठी वेगळे दालन उघडले, तेही दांडे-कळांनी भरलेले. बॉस्टनच्या बालसंग्रहालयात १९६२ मध्ये मायकेल स्पॉक संचालक म्हणून आले (बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे जगभर माहीत झालेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक ह्यांचे हे चिरंजीव) आणि त्यांनी वस्तू काचेबाहेर काढून मुलांच्या हाती दिल्या. रोजच्या वापरातल्या गोष्टी कापून, उघडून त्यांच्या पोटात काय असते, हे दाखवणारे त्यांचे प्रदर्शन गाजले.

पण ह्या साऱ्यात ज्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, असा माणूस म्हणजे फ्रँक ओपेनहायमर. ख्रिस्तोफर नोलन ह्यांच्या २०२३च्या चित्रपटामुळे थोरला भाऊ रॉबर्ट आपल्याकडे घरोघरी पोचला. धाकटा त्या चित्रपटात येऊन जातो, पण त्याचे आयुष्यभराचे काम तिथे येत नाही. फ्रँकही अणुबॉम्बच्या प्रकल्पावर होते. कम्युनिस्ट पक्षाचे जुने सदस्यत्व उघड झाल्यावर १९४९ मध्ये त्यांना मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली, आणि हा भौतिकशास्त्रज्ञ कोलोरॅडोत जाऊन गुरे पाळू लागला. काही वर्षांनी तिथल्याच एका गावच्या हायस्कुलात शिकवायची संधी मिळाली. पुढे विद्यापीठात परतल्यावर त्यांनी प्रयोगांचे जणू ग्रंथालयच थाटले. विद्यार्थ्याने हवे तेव्हा यावे, मांडून ठेवलेल्या प्रयोगाशी हवा तितका वेळ झटावे, अशी ती व्यवस्था. त्यानंतर युरोपातली मोठी संग्रहालये पाहून आले आणि १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका जुन्या, गोदामासारख्या प्रचंड वास्तूत त्यांनी एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले.

त्या जागेची रीत आजही नमुनेदार वाटते. प्रयोगवस्तू बनवण्याचे आणि दुरुस्तीचे वर्कशॉप त्यांनी मागच्या बाजूला लपवले नाही. लेथ, वेल्डिंग, सुतारकाम, सगळे येणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. मोडलेली वस्तू तिथेच दुरुस्त होताना मुलांना दिसे. दालनात समजावून सांगायला प्राध्यापक नव्हते, पगारी हायस्कूल विद्यार्थी होते. ज्यांना स्वतःलाच कालपरवा एखादी गोष्ट उमगली आहे, अशी मुले. १९७५ मध्ये संस्थेने आपल्या प्रयोगवस्तूंच्या कृती पाककृतीच्या पुस्तकासारख्या छापल्या, की कोणीही वाचावे आणि आपल्या गावी बनवावे. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे फ्रँक म्हणत. परीक्षांच्या निकालांनी उन्हाळा मोजणाऱ्या आपल्या समाजात हे वाक्य तिकीट खिडकीवर लावायला हरकत नाही.

त्याच संस्थेतल्या स्यू ॲलन आणि जोशुआ गुटविल ह्यांनी नंतर फार कामाचा अभ्यास केला. इंटरॅक्टिव्ह वस्तू कुठे फसते, हे त्यांनी शोधले. सारख्याच ठळक दिसणाऱ्या दहा कळा असल्या की लोक गोंधळतात. एकाच वेळी अनेकांना वापरता येते, पण एकाचे काम दुसऱ्यामुळे बिघडते, अशी रचना असली की चिडचिड होते. शोभेचे तपशील इतके होतात की मुख्य गंमत कोणाच्या नजरेलाच पडत नाही. पुढे त्यांनी कुटुंबांना खेळायला दोन नियम देऊन पाहिले. एका खेळात कोणीही 'हात काढा' म्हटले की सगळ्यांनी हात मागे घेऊन त्याचे ऐकायचे. दुसऱ्यात सर्वांनी मिळून असा प्रश्न काढायचा की ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही आणि समोरच्या वस्तूवर ते करून पाहता येईल. दुसरा खेळ सरस ठरला. त्यात यंत्र नवे नव्हते, खर्च नव्हता. फक्त घरच्यांनी काय बोलावे, ह्याची रचना केलेली होती. तंत्रज्ञानाच्या निविदांमध्ये हे कलम कुठे बसवायचे, हा प्रश्न अधिकाऱ्यांना पडेल खरा.

ज्यांना ह्या विषयात एकच गोष्ट पाहायची असेल त्यांनी फिलाडेल्फियाकडे पाहावे. तिथल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये १९५४ पासून एक राक्षसी हृदय आहे. मुळात ते तात्पुरते म्हणून कागदाच्या लगद्याचे आणि तारेच्या जाळीचे केलेले. रक्त ज्या वाटेने जाते त्या वाटेने माणसाने आत शिरायचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून फुप्फुसात आणि पुन्हा मागे. जिने अरुंद, उजेड कमी, कानांत ठोक्यांचा आवाज. अनेकदा डागडुजी होऊन ते आजही उभे आहे, आणि लहानपणी त्यातून गेलेली माणसे आपल्या नातवंडांना घेऊन येतात. बापाला पुढे वाकून चालावे लागते, पोर मागून त्याचा सदरा धरते. बोलल्यावाचून त्यातून पार होताच येत नाही.

ह्याच संस्थेच्या मिंडा बोरुन ह्यांनी १९९०च्या दशकात शहरातले प्राणिसंग्रहालय, निसर्गविज्ञान अकादमी आणि नदीपलीकडच्या कॅम्डेनचे मत्स्यालय ह्यांना सोबत घेऊन कुटुंबे कशी शिकतात ह्याचा अभ्यास केला. १९९८च्या त्यांच्या अहवालात कुटुंबासाठीची मांडणी कशी असावी, हे सांगितले आहे. तिच्याभोवती चारी बाजूंनी उभे राहता यावे आणि एका वेळी अनेक हात पुरावेत. पोर आणि म्हातारा दोघांचाही हात तिथवर पोचावा. निष्पत्ती एकच ठरलेली नसावी, म्हणजे चर्चेला वाव राहतो. कोणी पाहून शिकतो, कोणी करून. दोघांचीही सोय हवी. मजकूर तुकड्यातुकड्याने वाचता यावा आणि घरच्या अनुभवाशी त्याचा सांधा जुळावा. असे बदल करून पाहिले तेव्हा घरच्यांचे एकमेकांशी बोलणे, मोठ्याने वाचून दाखवणे, प्रश्न विचारणे वाढले. भिंतीला चिकटवलेला टचस्क्रीनचा खांब ह्यांपैकी किती अटी पुऱ्या करतो, हे वाचकांनीच पाहावे. साधे टेबल बहुतेक पुऱ्या करते.

मजकूर तुकड्यातुकड्याने वाचता यावा, ही अट आपल्याकडे सर्वांत वाईट अवस्थेत आहे. आपल्या दालनांतले मराठी फलक पुष्कळदा शासन निर्णयाच्या भाषेत असतात. आईने मुलाला वाचून दाखवायला घेतले तर दुसऱ्या ओळीत तिचीच जीभ अडखळते. मग ती सोडून देते आणि दोघे पुढे जातात. फलक आईच्या तोंडून मुलाच्या कानावर जायचा आहे, हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते.

बोलणे वाढले की सगळे साधले, असेही नाही. कोण कोणाशी काय बोलते, हे पाहावे लागते. कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात केविन क्रॉली, मॉरीन कॅलनन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञानाच्या मांडण्यांपाशी आई-वडील आपल्या लहानग्यांशी काय बोलतात, हे त्यांनी नोंदवले. वस्तू कशी वापरायची हे मुलाला आणि मुलीला सारखेच सांगितले जात होते. पण असे का होते, ह्याचे स्पष्टीकरण मुलीच्या तिप्पट वेळा मुलाला मिळत होते. ही सगळी हौसेने सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन आलेली माणसे. कोणी जाणूनबुजून केलेले नाही. अशी मोजणी आपल्याकडे झाली तर आकडा किती निघेल, ह्याचा अंदाज बांधण्याचे धाडस आम्ही करत नाही. मांडणी करणाऱ्याला ह्यात काही करता येते का? येते. 'का?' हा प्रश्न वस्तूनेच मोठ्या अक्षरांत विचारला आणि उत्तराची दांडी दोघांच्या हाताशी ठेवली तर निदान तो प्रश्न भावाच्याच वाट्याला जाणार नाही.

आतापर्यंत बोललो ते विज्ञान संग्रहालयांबद्दल. तरफ आणि भिंग हाताळायला देणे सोपे. हजार वर्षांच्या मूर्तीचे काय? तिला हात लावू देता येत नाही, आणि न देण्याचे कारण योग्यच आहे. इथे तंत्रज्ञानाला खरे काम आहे, आणि ते अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयाने करून दाखवले. १९१६ मध्ये उघडलेले, आजही कायम विनामूल्य प्रवेश देणारे हे संग्रहालय. जानेवारी २०१३ मध्ये तिथे 'गॅलरी वन' नावाचे दालन सुरू झाले. ४० फूट लांबीची एक स्पर्शसंवेदी भिंत, तिच्यावर संग्रहातल्या हजारो वस्तूंची चित्रे, आणि तिच्यापुढे एकाच वेळी कितीतरी जण. एका ठिकाणी पडद्यावर एक शिल्प दिसते आणि तुम्ही तसेच उभे राहायचे. कॅमेरा तुमची ठेवण ताडून पाहतो. लहानग्यांसाठी आणखी साधा खेळ: भिंतीवर बोटाने एक रेघ ओढायची, वळणदार, तुटक, कशीही, तशीच रेघ असलेली कलाकृती संग्रहातून समोर येते.

ह्या खेळांतली हुशारी कुठे आहे पाहा. मूर्तीसारखे उभे राहायचे म्हटले की मूर्तीकडे नीट पाहावे लागते. कमरेत बाक कुठे आहे, भार कोणत्या पायावर आहे, डावा हात नेमका कुठे वळला आहे. आणि एकजण उभा राहिला की बाकीचे हसतात, दुरुस्त्या सुचवतात, 'कोपर खाली घे' म्हणतात. म्हणजे पाहणेही झाले आणि बोलणेही. यंत्राने मूर्तीची जागा घेतली नाही, ते माणसाला मूर्तीकडे ढकलते. आणखी एक गोष्ट आपल्या नियोजनकारांनी लिहून ठेवावी. एवढा खर्च करून, जगभर नाव होऊनही क्लीव्हलँडने २०१७ मध्ये ह्या दालनाचा मोठा भाग बदलला, आणि नव्या रचनेत पडद्याला बोट लावण्यापेक्षा हावभाव आणि नजर टिपण्यावर भर दिला. म्हणजे चारच वर्षांत. मूर्ती हजार वर्षे टिकते. तिच्याशेजारचे तंत्रज्ञान पहिलीतले पोर पाचवीत जाईपर्यंत जुने होते, हे पैसे मंजूर करणाऱ्याने गृहीतच धरले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट ह्या डिझाइन संग्रहालयात एक खोली आहे. तिथल्या संग्रहात भिंतीला लावायच्या जुन्या नक्षीदार कागदांचा मोठा साठा. खोलीतल्या टेबलावर तुम्ही चार रेघा काढल्या की त्यांची पुनरावृत्ती होऊन खोलीच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत तुमच्या नक्षीने भरून जातात. पोराने काढलेल्या वेड्यावाकड्या फुलात अख्खे घर उभे राहते. एकाने केलेले सगळ्यांना दिसते, एवढा साधा नियम पाळला तरी पडदा माणसांना तोडत नाही.

आपल्याकडे ही परंपरा नाही असे कोणी समजू नये. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय १९५९चे, आणि १९६५ मध्येच त्यांनी प्रदर्शन बसमध्ये घालून गावोगाव न्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये झाली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राने १९७९ ह्या बालवर्षात आधी उघड्यावरचे विज्ञान उद्यान सुरू केले, मुख्य इमारत १९८५ मध्ये झाली. अशा उद्यानांत ठरलेली एक वस्तू असते: दूर अंतरावर समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या अंतर्वक्र थाळ्या. एकीपाशी पुटपुटले की दुसरीपाशी लख्ख ऐकू येते. तिला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, ती हँग होत नाही. आणि ती एकट्याला वापरताच येत नाही. नात तिकडे, आजोबा इकडे. आमच्या मते भारतातली ही सर्वांत यशस्वी कौटुंबिक इंटरॅक्टिव्ह वस्तू आहे, आणि तिचे श्रेय तिला कधी मिळालेले नाही.

पुण्यात आयुका ह्या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता ह्यांनी वर्षानुवर्षे काडेपेट्या, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ बाटल्यांतून खेळणी करून दाखवली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत जाते. २०१९ मध्ये त्यांनी आवारात मुलांचे संग्रहालय उघडले. पाटण्याच्या बिहार म्युझियमने तर २०१५ मध्ये बाकीच्या दालनांच्या आधी मुलांचे दालन खुले केले. लोअर परळच्या म्युझियम ऑफ सोल्युशन्सने २०२३ मध्ये अनेक मजले निव्वळ मुलांच्या हातांसाठी दिले, जरी तिथले तिकीट सगळ्या घरांना परवडेल असे नाही. दिल्लीच्या प्रधानमंत्री संग्रहालयाने २०२२ मध्ये दुसरी वाट धरली: पंतप्रधानांच्या शेजारी उभे राहून छायाचित्र, त्यांच्या सहीचे पत्र. लोकांना ते आवडते, गर्दी होते. पण छायाचित्र निघाले की तिथले काम संपते. घरी नेण्याची वस्तू मिळाली. घरी जाताना गाडीत वाद घालायला काही मिळाले का?

मग महाराष्ट्रात ह्यातून काय उभे राहू शकते? मोठ्या शहरांना पैसे मिळतात, त्यांची काळजी नको. सातारा जिल्ह्यातले औंध घ्या. तिथले भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्म्यांची चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूरचे शिल्पही. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे देशभर परिचित झालेले प्रचारक. शरीराची ठेवण ताडून पाहणारा कॅमेरा बसवायला ह्याहून योग्य जागा देशात सापडणार नाही. चित्रातल्या व्यक्तीसारखे उभे राहा. मग बाळासाहेबांनी सांगितल्याप्रमाणे एक सूर्यनमस्कार घालून दाखवा. वडिलांचे हात जमिनीला टेकत नाहीत, हे पाहून पोरांना जो आनंद होईल तो कोणत्याही होलोग्राममध्ये नाही.

किंवा पुण्याचे केळकर संग्रहालय. बालवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने दिनकर केळकरांनी म्हणजे कवी अज्ञातवासींनी ते जमवले. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, वाद्ये, सगळा संसारच. अशा संग्रहात कुटुंबातला तज्ज्ञ कोण? बाकावर जाऊन बसलेली आजी. वडिलांना जे ठाऊक नाही आणि क्युरेटरने पुस्तकात वाचले, ते तिने हाताने केलेले आहे. आमची सूचना अगदी सरळ आहे. एक खरे दगडी जाते मांडावे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांचे ध्वनिमुद्रण आणि मजकूर ग्रामीण भारताविषयीच्या 'पारी' ह्या संकेतस्थळावर येत असतो. जात्याच्या खुंट्याला साधा सेन्सर जोडावा. फिरवले की ओवी सुरू, थांबले की थांबली, वेग गेला की लय गेली. जाते एवढे जड ठेवावे की एका पोराला ते फिरवता येऊ नये. मग समोर दुसरे कोणी बसावेच लागते, मूठभर ज्वारी घालायला तिसरे. शेजारी एक माइक: आजीला तिच्या गावची ओवी आठवत असेल तर तिने ती म्हणावी, गावाचे नाव सांगावे, आणि संग्रहात ती जमा व्हावी. ही आजी आता दालन पाहायला आलेली नसते, दालनात भर घालून जाते. वीज गेली तरी दगड फिरतो आणि पीठ पडते. मुलगा-मुलगी हा वर आलेला भेद इथे उलटा होण्याचा धोका आहे, तेव्हा खुंट्याला पहिला हात मुलाने लावायचा, अशी एक पाटी लावली तरी चालेल.

देखभालीबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. 'सदर यंत्र बंद आहे' ही आपल्या इंटरॅक्टिव्ह दालनांतली सर्वांत टिकाऊ वस्तू आहे. उद्घाटनाला मंत्री, फीत, ड्रोन; आठ महिन्यांनी प्रोजेक्टरचा दिवा गेलेला, व्हीआर चष्म्याचा पट्टा तुटलेला, आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. कारण उभारणीचा पैसा भांडवली खर्चात मिळतो, दुरुस्तीचा महसुली खर्चातून काढावा लागतो, आणि महसुली खर्चाला कात्री लावणे ही वित्त खात्याची आवडती काटकसर. लांबून आलेल्या कुटुंबाला तीन बंद यंत्रे भेटली की ते चौथ्याला हात लावत नाही. फ्रँक ओपेनहायमर ह्यांचे उघडे वर्कशॉप नेमके इथे आठवते. आयटीआय झालेली दोन मुले, एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि सुट्या भागांचा खण, एवढे दालनातच मांडले तर दुरुस्ती हीच पाहण्याची गोष्ट होईल. जिल्ह्याच्या बाजारात सुटा भाग मिळत नसेल अशी कोणतीही वस्तू घेऊच नये. आणि निविदा काढण्याआधी ती पुठ्ठ्याची, खोकी-दोऱ्याची करून दहा-बारा कुटुंबांपुढे ठेवावी. चालते की नाही हे एका दुपारी कळते, आणि चूक सापडली तर फार तर पुठ्ठा वाया जातो.

राहता राहिल्या बारीक गोष्टी, ज्या कोणत्याच सादरीकरणात नसतात. पिण्याचे पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, डबा उघडायला सावलीची जागा, आजोबांना प्रत्येक दालनात एक खुर्ची आणि ती मांडणीकडे तोंड करून ठेवलेली. कुटुंबातला सर्वांत आधी थकणारा माणूस ठरवतो की घरी कधी निघायचे. आणि वेळा. दोघे नोकरी करणाऱ्या घराला शनिवार-रविवारची संध्याकाळ तेवढी मोकळी, आणि त्याच वेळी सुरक्षारक्षक किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरू लागतो. ऊन उतरल्यावर पोरे बाहेर पडतात तेव्हा संग्रहालयाचे फाटक लागलेले असते. एप्रिल-मेच्या शनिवार-रविवारी तरी दारे रात्री आठपर्यंत उघडी ठेवावीत. ह्याला सेन्सर लागत नाही की सल्लागार. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलाव्या लागतील आणि त्यांना जादा कामाचा मोबदला द्यावा लागेल, तेवढी तरतूद येत्या १८ मेच्या आत होऊ शकते.